जुना लॅपटॉप आणि शेजारची गिरणी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घराची आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीची मधली भिंत एकच आहे. भिंतीच्या त्या बाजूला दळण चालतं आणि या बाजूला माझं डीटीपी. सांगलीत गेली पंचवीसहून अधिक वर्षं मी हे काम करते आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, एखाद्या निवृत्त शिक्षकांचं आत्मचरित्र, कुणाचा पीएच.डी.चा प्रबंध, आणि दिवाळीच्या आधी दोन महिने एखाद्या अंकाची पानं. व्याप मोठा नाही. पण यावर दोन मुलांची शिक्षणं झाली आणि आजही घरात माझी म्हणून जी मिळकत येते ती यातूनच येते. मला बोलायला विषय दिला आहे जुन्या वस्तूंच्या दुरुस्तीचा. मला वस्तू एकच नीट माहीत आहे, माझा लॅपटॉप. तेव्हा त्याच्याबद्दलच बोलते.

हा लॅपटॉप मी २०१२ साली घेतला. काळा, जाड, कचेऱ्यांतून वापरतात त्या जातीचा. इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी मेमरी, ३२० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज ७. धाकटी जाऊ म्हणाली होती, “जाऊबाई, हा उचलायला हमाल लागेल.” पण खरं काम तेव्हा टेबलावरच्या मोठ्या संगणकावर व्हायचं. लॅपटॉप होता छापखान्यात जाऊन तिथल्या तिथे चुका दुरुस्त करायला.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. कृष्णेचा महापूर सांगलीकरांना वेगळा सांगायला नको. पाणी चढायला लागलं तसं हातात मावेल तेवढं घेऊन आम्ही विश्रामबागेत नणंदेकडे गेलो. हातात मावलं त्यात लॅपटॉप होता. मोठा संगणक, प्रिंटर, आणि ज्या सीडींवर मी इमानेइतबारे सगळी कामं साठवून ठेवली होती त्यांचा लाकडी खण, हे सगळं मागे राहिलं. पाणी उतरल्यावर भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखाच चिखल होता. सीडी धुऊन, पुसून, उन्हात न ठेवता पंख्याखाली वाळवून पाहिल्या. काही चालल्या, बऱ्याच चालल्या नाहीत. तेव्हापासून जुन्या कामांची एकमेव प्रत लॅपटॉपच्या पोटात होती. दुसरी प्रत काढून ठेवायला हवी हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. आज करू, उद्या करू, म्हणता म्हणता पाच वर्षं गेली.

२०२४ च्या जूनमध्ये एक फोन आला. तासगाव तालुक्यातल्या एका शिक्षकांनी आपल्या गावाचा इतिहास लिहिला होता. २००९ साली मी तो जुळवून दिला होता. दोनशे आठ पानं. गुरुजी आदल्या वर्षी गेले. त्यांच्या मुलीला वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या आत दुसरी आवृत्ती काढायची होती. त्यांनी विचारलं, “काकू, फाइल असेल का हो तुमच्याकडे?” मी म्हटलं, “आहे की, म्हणजे काय!” आणि लॅपटॉप सुरू केला.

लॅपटॉप गेली दोन वर्षं संथ झाला होता. बटण दाबायचं, चहा टाकायचा, चहा गाळून कप घेऊन यावं तर पडद्यावर अजून गोल चक्र फिरतच आहे. सुरू झाल्यावरही तारीख भलतीच, कधीतरी २०११ ची. ती दुरुस्त केल्याशिवाय बँकेची साइट उघडायची नाही. पण त्या दिवशी नवीनच प्रकार. आतला पंखा शिट्टी घालावी तसा ओरडायला लागला, खालचा भाग हात लावू नये इतका तापला आणि दहा मिनिटांत सगळं काळं. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच.

मी तो पिशवीत घालून एका मोठ्या दुकानात नेला. काउंटरवरच्या मुलानं बटण दाबलं, कान देऊन आवाज ऐकला आणि झाकण न उघडता निदान सांगितलं, “मदरबोर्ड गेलाय मॅडम. २०१२ चा आहे, ह्याचे पार्ट मिळत नाहीत.” नवीन लॅपटॉप बेचाळीस हजारांचा. बारा हप्ते. जुन्याचे आठशे रुपये कमी करून देणार होते. मी विचारलं, आतल्या फाइली? तो म्हणाला, मदरबोर्ड गेल्यावर फाइली कुठल्या. मी मान डोलावली. खरं सांगते, हप्त्याच्या कागदावर सही करायला पेनही हातात घेतलं होतं. माझा लॅपटॉप त्यानं काउंटरखालच्या ढिगावर ठेवला. तेवढ्यात त्याच्या कडेला खोचलेलं डोंगल मला दिसलं. हरवू नये म्हणून त्याला मी लाल दोरा बांधला होता.

डोंगल म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्या लाल दोऱ्याला बांधलेली आहे. आमच्या पिढीच्या डीटीपीवाल्यांनी मराठी जुळवलं ते पेजमेकरमध्ये. पेजमेकर मुळात १९८५ चं. पुढे ते ॲडोबीकडे गेलं आणि त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ साली आली. कंपनीनं नंतर इनडिझाइनकडे मोर्चा वळवला, पण मराठी छापखाने पुढे कितीतरी वर्षं पेजमेकरलाच चिकटून राहिले. कारण श्रीलिपी, आकृती, आयएसएम असली जी मराठी फॉन्टची पॅकेजं होती त्यांची आणि त्याची जोडी हाताला बसलेली होती. या फॉन्टची एक गंमत होती. पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण संगणकाच्या लेखी तिथे ‘क’ नसायचाच, एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असायचं. मराठी असायचं फक्त वरच्या पोशाखात. तो फॉन्ट संगणकात असेपर्यंत पान मराठी. फॉन्ट नसला की तेच पान म्हणजे डॉलर, टक्के, अवतरणचिन्हं आणि उलटे स्वल्पविराम यांची भेळ. प्रत्येक कंपनीचा पोशाख वेगळा, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याला वाचता यायचा नाही. युनिकोड आल्यावर हा घोळ मिटला. आज मोबाइलवर लिहिलेलं मराठी जगात कुठेही मराठीच दिसतं. पण आमची जुनी कामं त्या आधीच्या पोशाखातच पडून आहेत. आणि माझ्याकडचं पॅकेज चोरीनं वापरता येऊ नये म्हणून बरोबर हे बोटभर कुलूप, डोंगल. ते लॅपटॉपला खोचलं तरच फॉन्ट चालणार.

मी दुकानातल्या मुलाला विचारलं, “हे नवीन लॅपटॉपवर चालेल ना?” त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. “हे काय असतं?” त्याची चूक नव्हती, त्याचं वयच तेवढं नव्हतं. पण मी पेन खाली ठेवलं, लॅपटॉप मागून घेतला आणि घरी आले.

संध्याकाळी दळण आणायला गिरणीत गेले तेव्हा सहज बोलून गेले. गिरणीवाल्या भाऊंच्या धाकट्या मुलानं आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा कोर्स केला आहे. दिवसा एका कारखान्यात नोकरी, रात्री लोकांचे मोबाइल, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करतो. तो म्हणाला, “काकू, उघडून बघूया की. न उघडता मदरबोर्ड गेला म्हणजे, पोटात दुखतंय म्हटल्यावर ऑपरेशन लिहून दिल्यासारखं झालं.”

त्यानं आमच्या जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरायला लावली आणि मला म्हणाला, इडलीचा साचा आणा. मला वाटलं याला भूक लागली. साचा हवा होता स्क्रू ठेवायला. खालच्या झाकणाचे स्क्रू पहिल्या खळग्यात, कीबोर्डचे दुसऱ्या, पंख्याचे तिसऱ्या. लांबी वेगवेगळी असते, लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर खालच्या पट्टीला भोक पडतं, असं तो सांगत होता. बॅटरी पहिल्यांदा काढून बाजूला. कीबोर्ड उचलताना त्याच्याखाली कागदासारखी पातळ पट्टी असते, तिच्याकडे बघत सावकाश. मी टॉर्च धरून उभी.

पंखा बाहेर काढला आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. पंख्याची हवा तांब्याच्या बारीक पात्यांच्या जाळीतून बाहेर जायची असते. त्या जाळीच्या तोंडाशी करड्या रंगाची जाड गादी बसली होती. बारा वर्षांची धूळ आणि बरोबर दुसरंही काहीतरी. त्यानं ते बोटांवर चोळून पाहिलं, वास घेतला आणि हसत सुटला. “काकू, हे आमचंच पीठ!” माझी खिडकी आणि गिरणीचं दार एकाच बोळात उघडतात. लॅपटॉप बारा वर्षं गव्हाचं, ज्वारीचं, सणासुदीला बेसनाचं पीठ श्वासाबरोबर ओढत होता.

प्रोसेसर आणि त्याच्यावरची तांब्याची पट्टी यांच्यामध्ये एक मलम असतं. उष्णता इकडून तिकडे जावी म्हणून. ते वाळून चुन्याच्या पापुद्र्यासारखं झालं होतं. म्हणजे आतली उष्णता पट्टीपर्यंत पोचत नव्हती आणि पोचलेली बाहेर पडत नव्हती. असं झालं की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरी भागलं नाही तर जळून जाण्याऐवजी स्वतःला बंद करून घेतो. ज्याला दुकानात मृत्यू म्हटलं ती त्याची जीव वाचवायची धडपड होती. ब्रशनं गादी काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं जुनं मलम पुसलं, तांदळाच्या दाण्याएवढं नवीन लावलं. भलत्या तारखेचं कारण तर तीस रुपयांचं निघालं. बोर्डावर बटणासारखा एक सेल असतो, संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवायला. तो संपला होता. हातघड्याळाच्या दुकानात मिळतो.

सगळं परत जोडून बटण दाबलं तर पंखा गुपचूप फिरायला लागला. दहा मिनिटं झाली, वीस झाली, लॅपटॉप चालूच. मी लगेच गुरुजींचं पुस्तक उघडायला गेले. त्यानं माझा हात अडवला. “आता काही उघडू नका. ऐका.” आतून बारीक आवाज येत होता. टक. टक. थांबून पुन्हा टक.

तो आवाज हार्ड डिस्कचा होता. माझ्या त्या डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेत असे आणि तिच्यावरून एक सुई मागेपुढे पळून हवी ती जागा शोधत असे. ती सुई अडखळायला लागली की दिवस भरत आले समजायचं. अशा वेळी तिच्यावर जास्त काम टाकायचं नाही, आधी जे निघेल ते बाहेर काढायचं. डिस्क काढायला मिनिटही लागलं नाही. मदरबोर्ड गेला तरी डिस्क वेगळी असते, ती दुसऱ्या संगणकाला जोडून वाचता येते, हे मला त्या दिवशी कळलं. ढिगावर आठशे रुपयांत मी काय सोडून येणार होते ते आठवून पोटात गोळा आला. मजकूर तर गेला असताच, पण लोकांच्या पत्रिका, अहवालांतली खाती, प्रबंध, सगळं कुणाच्या तरी हातात पडलं असतं.

प्रत काढायचं काम रात्री सुरू केलं. कारण गिरणीची मोटर सुरू झाली की आमच्या बोळातले दिवे एकदा मंद होतात. त्यानं डीडीरेस्क्यू नावाची फुकट मिळणारी आज्ञावली वापरली. तिची पद्धत शहाण्या परीक्षार्थीसारखी आहे. सोपे प्रश्न आधी सोडवते, अडलेल्या जागा सोडून पुढे जाते आणि शेवटी परत येऊन त्यांच्याशी झगडते. ती रात्र, दुसरा दिवस, पुढची रात्र. पडद्यावर आकडे सरकत होते आणि मी स्वयंपाक करता करता येऊन बघत होते, जसं आयसीयूच्या काचेतून बघावं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सांगितलं, बहुतेक सगळं आलं, पण काही जागा वाचताच आल्या नाहीत.

त्या न वाचता आलेल्या जागांत माझ्या दोन डझन फाइली गेल्या. त्यातल्या दोन गुरुजींच्या पुस्तकाच्या. सातवं प्रकरण, गावातल्या विहिरींचं, आणि शेवटची नामसूची.

त्यांच्या मुलीला फोन करून सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या की छापील पुस्तक आहे, ते घेऊन येते. त्यांनी आणलेली प्रत वडिलांची स्वतःची होती. मी सातवं प्रकरण पुन्हा टाइप करायला घेतलं तेव्हा पाहिलं, समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात दुरुस्त्या होत्या. एका विहिरीचं नाव चुकलं होतं. एक विहीर दोनदा आली होती आणि तिसरी राहूनच गेली होती. त्यातल्या एका चुकीशेजारी ‘मुद्रणदोष’ असं लिहिलं होतं. मुद्रणदोष म्हणजे मी. इतकी वर्षं त्यांनी मला कळवलं नाही, भिडेपोटी कळवलं नसावं. सातव्या प्रकरणाबरोबर मी पूर्ण पुस्तकातल्या पेन्सिलीच्या खुणा शोधल्या. एकूण एकतीस होत्या.

आता दुरुस्तीचं उरलेलं सांगते. जुन्या डिस्कच्या जागी २५६ जीबीची एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, सगळी साठवण चिपांवर. लॅपटॉप जुना झाला म्हणून संथ झाला असं आपण म्हणतो. माझ्या बाबतीत तरी प्रोसेसर होता तसाच होता, वाट बघायला लागायची ती डिस्कवरच्या सुईची. मेमरी चारची आठ जीबी केली. मेमरी म्हणजे ओटा आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली. ओटा लहान असला की प्रत्येक डबा काढायला आत जायचं, वापरला की परत आत नेऊन ठेवायचा, यातच स्वयंपाकाचा वेळ जातो. ओटा मोठा झाला आणि कोठी शेजारी आली. आता बटण दाबल्यावर चहाचं आधण ठेवेपर्यंत लॅपटॉप तयार असतो.

खर्च लिहून ठेवला आहे. एसएसडी १,९०० रुपये, वापरलेली डीडीआर-३ मेमरी ७००, बॅटरी १,८००, मलम १५०, घड्याळाचा सेल ३०. त्या मुलानं मजुरी घ्यायला नकार दिला. मी हजार रुपये पिठाच्या डब्याखाली ठेवून आले. एकूण ५,५८०. हे भाव २०२४ चे. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर चढले, तेव्हा आज निघालात तर चौकशी करूनच निघा. बॅटरीच्या बाबतीत स्वस्ताच्या मागे लागू नका. आणि जुनी बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोचू नका, दाबू नका, कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच टाकू नका. पेटते.

विंडोजचा प्रश्न उरला होता. माझं पेजमेकर आणि डोंगल विंडोज ७ वर चालतं, आणि विंडोज ७ ला सुरक्षेची डागडुजी मिळणं १४ जानेवारी २०२० लाच बंद झालेलं. अशा विंडोजवरून इंटरनेटवर जाणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. म्हणून एसएसडीचे दोन भाग केले. एका भागात जुनं विंडोज, त्याचं इंटरनेट कायमचं तोडून. तिथे फक्त जुळवणी. दुसऱ्या भागात लिनक्स मिंट, जे फुकट आहे आणि मराठीतही चालतं. मेल, बँक, युनिकोडमधलं नवीन काम, सगळं तिथे. सुरुवातीचे पंधरा दिवस मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या. बटणं जागेवर नाहीत, प्रिंटर ओळखत नाही. मग हाताला सवय झाली. मी १९८६ साली मराठी टायपिंग शिकले ते लोखंडी यंत्रावर, मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा, मग ४० ची. त्या क्लासमध्ये दर महिन्याला एक मेकॅनिक यायचा. तेल घालायचा, फीत बदलायचा, वाकडा खिळा सरळ करायचा. यंत्र संथ झालं म्हणून नवीन घ्या, असं त्यानं कधी सुचवलं नाही. सुचवलं असतं तर सरांनी त्याला बाहेर काढला असता.

यावरून सगळं जुनं दुरुस्तच करा असा माझा हट्ट आहे असं समजू नका. आमच्या ओळखीतली एक मुलगी डिप्लोमाला आहे. तिचा जुना लॅपटॉप घेऊन आली, माझ्यासारखं करून द्या म्हणाली. तिला त्रिमितीय आराखडे काढायचे होते, त्याला लागणारं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही आणि तिच्या लॅपटॉपला ते पेलतही नव्हतं. माझ्या उत्साहात मी तिचे दोन-तीन हजार खर्च करायला लावणार होते. गिरणीतल्या मुलानंच थांबवलं. तिनं नवीन घेतला आणि योग्य केलं. चहा किंवा पाणी बोर्डावर सांडून आतलं गंजलं असेल, पडदा फुटला असेल, तर तोही हिशेब वेगळा. आणि आजचे सुरीसारखे पातळ लॅपटॉप पाहिले की मला धाकट्या जावेची आठवण होते. त्यातल्या कितीतरींची मेमरी बोर्डालाच झाळलेली असते, वाढवायची सोय नाही. बॅटरी आत चिकटवलेली. माझा जड डबा उघडता येतो म्हणून वाचला. दुकानात गेलात तर किंमत आणि रंग विचारून झाल्यावर एवढंही विचारा, याची मेमरी आणि डिस्क पुढे बदलता येते का.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नियमित डागडुजी थांबली तेव्हा आमच्या बोळात रांगच लागली. घरगुती ग्राहकांना कंपनीनं ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची सवलत दिली, पण ते बहुतेकांना माहीतच नव्हतं. लॅपटॉप चांगले, सहा-आठ वर्षांचे, पण विंडोज ११ त्यांना आत घेईना. त्याला टीपीएम २.० नावाची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा, म्हणजे २०१८ च्या आसपासचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. एक निवृत्त तलाठी आले. त्यांना पेन्शनचं बघायचं, नातवाशी बोलायचं आणि भजनं ऐकायची. त्यांना बेचाळीस हजारांचं यंत्र कशाला? लिनक्स घालून दिलं. एका सीए ऑफिसातला मुलगा आला, त्याला आम्ही परत पाठवलं. तिथे नवीनच हवं होतं.

आणि जुने टाकले तर जातात कुठे, हेही एकदा बघा. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला नोंदीनुसार नीट गोळा होऊन पुनर्वापराला गेला तो एक चतुर्थांशाहून कमी. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, जुन्या यंत्रांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पण महापुरानंतर आमच्या भागातले भिजलेले टीव्ही, मॉनिटर, संगणक कुठे गेले ते मी डोळ्यांनी पाहिलं. भंगाराच्या गाडीत. माझा मोठा संगणकही त्यातच गेला. नंतर एका मोकळ्या प्लॉटवर वायरी जाळून तांबं काढत होते. त्या धुराचा वास अजून नाकात आहे.

गुरुजींचं पुस्तक वेळेत आलं. वर्षश्राद्धाच्या दिवशी मी तासगावला गेले होते. मुलीनं पहिली प्रत वडिलांच्या तसबिरीपुढे ठेवली आणि दुसरी माझ्या हातात दिली. मी आधी विहिरींचं प्रकरण उघडून पाहिलं. तिसरी विहीर जागेवर होती.

जुनी हार्ड डिस्क मी टाकलेली नाही. ती एका स्टीलच्या डब्यात आहे आणि सगळ्या कामांच्या आता तीन प्रती आहेत. एक लॅपटॉपमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी विश्रामबागेत नणंदेच्या कपाटात. जुन्या फॉन्टमधला मजकूर मी रोज थोडा थोडा युनिकोडमध्ये आणते आहे. त्यासाठी परिवर्तकं मिळतात, पण जोडाक्षरांत आणि रफारात गफलत करतात, प्रत्येक पान वाचावं लागतं. २०१० पर्यंत आले आहे.

गिरणीतल्या मुलानं दाराशी एक लहान टेबल मांडलं आहे. वर पाटी आहे, ‘लॅपटॉप उघडून बघू’. पाटी मीच जुळवून दिली. लॅपटॉप दर सहा महिन्यांनी त्याच्याकडे जातो, इडलीच्या साच्यासकट. आणि पलीकडे मोटर सुरू झाली की मी काम थांबवून आधी खिडकी लावून घेते.